फोनवर हिडन ऑब्जेक्ट गेम खेळताना अडकायला का होतं आणि त्यातून सुटायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: जादूचं जंगल, शापित वाडा, हरवलेली राजकन्या अशा कथांचे हिडन ऑब्जेक्ट गेम, म्हणजे चित्रात लपलेल्या वस्तू शोधायचे गेम, मोबाईलवर घेतले की पहिला तास मस्त जातो. मग एका जागी गाडी रुतते. पुढे काय करायचं ते कळत नाही, हिंट संपतात, कोडी स्किप करावी लागतात. खेळणाऱ्याचं काय चुकतं, आणि सुरुवात कोणत्या गेमने करावी?

बऱ्याचदा खेळणाऱ्याचं काही चुकत नसतं. यांतले बरेच गेम मुळात फोनसाठी रचलेलेच नाहीत. या प्रकाराला लोकप्रियता मिळाली ती सिएटलच्या बिग फिश गेम्सने २००५ साली आणलेल्या ‘मिस्टरी केस फाइल्स: हंट्सव्हिल’पासून. त्यात पसाऱ्यातून यादीतल्या वस्तू शोधणं एवढंच मुख्य काम होतं. त्याच मालिकेतल्या २००८ च्या ‘रिटर्न टू रेव्हनहर्स्ट’मध्ये जागोजागी फिरणं, वस्तू सोबत बाळगणं, त्या दुसरीकडे वापरणं असा साहसकथेचा भाग आला. आज फँटसी हिडन ऑब्जेक्ट म्हणून जे मिळतं ते याच वळणाचं असतं. पोलंडमधली आर्टिफेक्स मुंडी आणि ‘लॉस्ट लँड्स’ मालिका करणारी युक्रेनची फाइव्ह-बीएन ही त्यातली ठळक नावं. यांतले कितीतरी गेम आधी कॉम्प्युटरसाठी, म्हणजे माउससाठी बनले आणि नंतर फोनवर आले.

इथेच मेख आहे. कॉम्प्युटरवर माउस नुसता फिरवला तरी कर्सरचं रूप बदलतं. भिंग दिसलं तर इथे जवळून बघता येतं, पंजा दिसला तर वस्तू उचलता येते, बाण दिसला तर पुढे जाता येतं. काहीही न दाबता सगळी जागा चाचपून होते. फोनवर बोट टेकवल्याशिवाय गेमला काहीच कळत नाही, त्यामुळे ही सगळी माहिती गायब होते. कॉम्प्युटरवर सहज सापडणारा कोपऱ्यातला सैल दगड फोनवर नजरेतून सुटतो, आणि खेळणाऱ्याला वाटतं की कोडं अवघड आहे.

म्हणून फोनवर पहिली सवय लावायची ती टॅप करत फिरण्याची. नव्या जागेत आल्यावर गोष्ट पुढे ढकलायची घाई करू नका. डावीकडून उजवीकडे तीन पट्टे कल्पा, वरचा, मधला आणि खालचा, आणि प्रत्येक पट्ट्यात जे काही वेगळं दिसतंय त्याला एकेकदा टॅप करा. दार, पेटी, मूर्ती, झाडाची ढोली, पाण्याचा काठ, खिडकीची चौकट. रंगवलेल्या पार्श्वभूमीपेक्षा ज्याची कड जास्त रेखीव आहे, ते बहुधा कामाचं असतं. वस्तू शोधण्याच्या पसाऱ्याबाहेर असं टॅप करण्याला सहसा दंड नसतो, त्यामुळे इथे हात आखडता घेऊ नये. मागे जायची वाट बहुतेक वेळा खालच्या कडेला असते. तिथेही टॅप करून बघा, कारण काही गेममध्ये खालच्या कोपऱ्यातून आणखी एक वाट फुटते.

खालच्या कडेवरून फोनची एक सेटिंग सांगायलाच हवी. या गेममध्ये वस्तूंची पट्टी, म्हणजे इन्व्हेंटरी, खाली असते आणि तिथून वस्तू वर ओढायची असते. नेमक्या त्याच जागेवरून वर बोट सरकवलं की अँड्रॉइड फोन होम स्क्रीनवर नेतो. वस्तू हातातून निसटते आणि गेम मागे पडतो. उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये नेव्हिगेशन जेश्चरऐवजी तीन बटणांचं करा. आयफोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटीमधलं गाइडेड अ‍ॅक्सेस चालू करून गेम अडकवून ठेवता येतो. दोन्हीकडे रात्रीचा पिवळसर फिल्टर खेळताना बंद ठेवा. निळा आणि जांभळा, पांढरा आणि फिकट पिवळा हे रंग त्यात एकमेकांत मिसळतात आणि रंगांच्या कोड्यात अकारण डोकं फोडावं लागतं. ब्राइटनेस आपोआप बदलणाराही नको. गुहा आणि तळघरं मुद्दाम अंधारी रंगवलेली असतात, तिथे ७०-८० टक्के उजेड लागतोच.

काठिण्यपातळी निवडताना घाबरायचं कारण नाही. सोपी आणि अवघड यांत कोडी बहुतेक तीच असतात. बदलतं ते एवढंच: हिंट पुन्हा भरायला लागणारा वेळ, स्किपचं बटण उघडायला लागणारा वेळ, कामाच्या जागी चमकणाऱ्या चांदण्या, नकाशावरच्या खुणा आणि चुकीच्या टॅपला दंड. कस्टम असा पर्याय असेल तर फोनसाठी हा जोड चांगला: नकाशावरच्या खुणा चालू, चांदण्या बंद, चुकीच्या टॅपचा दंड बंद. खुणा चालू ठेवायच्या कारण माउस नसल्याने गेलेली माहिती त्या थोडीफार भरून काढतात. चांदण्या बंद, नाहीतर आपण चित्र बघणंच सोडून देतो आणि चमकेल तिथे बोट ठेवत राहतो.

आता प्रत्यक्ष पसाऱ्याकडे. यादीतला पहिला शब्द वाचायचा, तो शोधत अख्ख्या चित्रावर भिरभिरायचं, मग दुसरा शब्द, असं बरेच जण करतात. बारा वस्तूंसाठी चित्र बारा वेळा पालथं घालावं लागतं. त्यापेक्षा यादी दोनदा शांतपणे वाचा आणि मग चित्र वाचा. एका कोपऱ्यातून सुरू करून दिसेल त्या वस्तूचं मनात नाव घेत जा: कात्री, बाहुली, दिवा, पिसारा, घंटा. नाव घेतलं की यादीतला शब्द आपोआप आठवतो. बोटांनी झूम होत असेल तर चित्राचे चार भाग करून दुपटीने मोठं करा आणि एक भाग संपवूनच पुढच्यावर जा. झूम नसेल तर फोनऐवजी टॅबलेट हा खरा उपाय आहे. साडेसहा इंचांच्या पडद्यावर सुई आणि टाचणी शोधणं हे डोळ्यांवर जुलूम करणं आहे.

वस्तू लपवायच्या युक्त्याही ठरलेल्या असतात. लांब वस्तू कडेला लागून असतात, म्हणजे छत्री दाराच्या चौकटीशी, साप दोरीत, बासरी खुर्चीच्या पायाशी. त्यामुळे चित्रातल्या सरळ रेषा आधी तपासा. दुसरी युक्ती रंगाची: हिरवा बेडूक पानांत, सोन्याची अंगठी पितळी भांड्यावर. तिसरी, आणि सगळ्यांत जास्त फसवणारी, आकाराची. हत्ती शोधताना नजर मोठ्या आकाराकडे जाते आणि तो नखाएवढा, कपाटावरच्या नक्षीत बसलेला असतो. एखादी वस्तू मुळीच सापडेना तर ती कोरीव कामात, गालिच्यावर किंवा तसबिरीत चित्र म्हणून आहे का ते बघा.

यादीतले काही शब्द वेगळ्या रंगात असतात. त्या वस्तू तयार करून मिळतात. ‘कापलेलं सफरचंद’ असेल तर आधी सुरी उचलून सफरचंदावर ओढायची. ‘पेटलेली मेणबत्ती’ असेल तर काडेपेटी यादीत नसेल, तरी ती चित्रात कुठेतरी असतेच. साध्या वस्तू आधी उचलून टाकल्या की पसारा विरळ होतो आणि ही जोडी लगेच दिसते. उघडणारी खोकी, कपाटं, पडदे मात्र सुरुवातीलाच उघडून ठेवा.

मराठी वाचकाला इथे आणखी एक अडचण येते. या गेमच्या यादीत मराठी भाषा क्वचितच मिळते आणि इंग्रजी यादीत दुहेरी अर्थाचे शब्द ठासून भरलेले असतात. ‘बॅट’ म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, पण फँटसी गेममध्ये वटवाघूळ असण्याचीच शक्यता जास्त. ‘बो’ म्हणजे रिबिनीची गाठ, धनुष्य किंवा व्हायोलिनचा गज. ‘नेल’ म्हणजे खिळा. ‘स्पेड’ म्हणजे फावडं किंवा पत्त्यातलं इस्पिक. ‘टॉप’ म्हणजे भोवरा. ‘हॉर्न’ म्हणजे शिंग किंवा तुतारीसारखं वाद्य. शिवाय ‘एकॉर्न’, म्हणजे ओकच्या झाडाचं टोपीवालं फळ, आणि ‘थिंबल’, म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपी, या गोष्टी आपल्या घरात नसल्याने डोळ्यांसमोर असूनही ओळखू येत नाहीत. नवा शब्द आला की इमेज सर्चमध्ये एकदा चित्र बघून घ्या. या गेममध्ये तीच चाळीस-पन्नास नावं फिरून फिरून येतात, दोन गेममध्ये शब्दसंग्रह तयार होतो. यादी रशियन किंवा जर्मनमध्ये उघडली तर आधी गेमच्या सेटिंग्जमध्ये भाषा बघा. तिथे पर्याय नसेल तर स्क्रीनशॉट गूगल लेन्सला दाखवा.

पसारा बघून कंटाळा येत असेल तर आर्टिफेक्स मुंडीच्या काही गेममध्ये त्याऐवजी महजोंगसारखा, म्हणजे सारख्या सोंगट्यांच्या जोड्या जुळवायचा, दुसरा खेळ खेळायची सोय असते. त्याने गोष्टीत काही तुटत नाही.

गाडी रुतते ती मात्र पसाऱ्यात नाही, दोन पसाऱ्यांच्या मधल्या प्रवासात. इथे बहुतेक जण हातात काय आहे ते बघतात: दोरी आहे, ही कुठे वापरू? उलट करा. कोणत्या जागेला काय हवंय, याची यादी ठेवा. समजा एका जागेत विहीर आहे. तोंडावर काटेरी वेली आहेत, रहाटाला दोरी नाही आणि कठड्यावर चंद्रकोरीच्या आकाराचा खळगा आहे. इथे तीन मागण्या झाल्या: कापायला काहीतरी, दोरी, चंद्रकोर. फोनच्या नोट्समध्ये किंवा कागदावर ‘विहीर: धारदार, दोरी, चंद्रकोर’ असं लिहा. पुढे कोयता मिळाला की विचार करावा लागत नाही. खळग्याचा आकार मात्र नीट लिहा. या प्रकारच्या गेममध्ये किल्लीऐवजी पदकं, मूर्तीचे तुकडे, पक्षी-फुलांच्या आकाराच्या सोंगट्या वापरायची पद्धत आहे आणि दोन खळगे जवळजवळ सारखे असतात.

इन्व्हेंटरीत वस्तूच्या कोपऱ्यावर अधिकचं चिन्ह असेल तर ती अर्धवट आहे. तिला टॅप करून मोठी करा आणि बाकीच्या वस्तू तिच्यावर ओढून बघा. वापरल्यावरही वस्तू पट्टीतून गेली नाही, तर तिचं आणखी काम बाकी आहे असं समजा. आणि संवाद टॅप करून उडवू नका. ‘मला हे हातांनी उचलता येणार नाही, फार तापलंय’ असं पात्र म्हणालं, तर चिमटा किंवा हातमोजा हवा हे त्यात सरळ सांगितलेलं असतं.

हिंट कुठे खर्चायची हेही यावरून ठरतं. पसाऱ्यात ती एक वस्तू दाखवते, बाहेर ती पुढची कृती किंवा पुढच्या जागेचा रस्ता दाखवते. भरायला वेळ तेवढाच लागतो, मोल मात्र बाहेर कितीतरी जास्त. अडकलात तर आधी नकाशा उघडा, खुणा असलेल्या जागा बघा, आपली मागण्यांची यादी वाचा, नुकत्याच उघडलेल्या जागेत पुन्हा एकदा टॅप करून फिरा. यातून काही निघालं नाही तरच हिंट. हिंटने बाण दाखवला तर तिथे जा आणि पुढचं स्वतः शोधा, लगेच दुसरी दाबू नका.

मिनीगेम, म्हणजे गोष्टीत मधेमधे येणारी छोटी कोडी, स्किप करण्याआधी एवढं जाणून घ्या की यांतली बरीच कोडी जुनी, गणितात सुटलेली आहेत आणि नुसती सजावट बदलून येतात.

दिवे विझवायचं कोडं घ्या: एक दाबला की तो आणि शेजारचे चारही बदलतात. त्यात क्रमाला महत्त्व नसतं आणि एकच दिवा दोनदा दाबणं म्हणजे न दाबणं. पाच बाय पाचची चौकट असेल तर वरच्या ओळीत जो दिवा लागलेला आहे त्याच्या बरोबर खालचा दाबत जा. असं करत चौथ्या ओळीपर्यंत सगळं विझतं आणि तळाच्या ओळीत काही दिवे उरतात. डावीकडून मोजून तळाला १, २, ३ उरले तर वरच्या ओळीतला २ दाबा. ३, ४, ५ उरले तर ४. २, ३, ५ उरले तर १. १, ३, ४ उरले तर ५. १, २, ४, ५ उरले तर ३. २ आणि ४ उरले तर १ व ४. १ आणि ५ उरले तर १ व २. मग पुन्हा तसंच वरून खाली उतरा, सगळे विझतात. सगळे पेटवायचे असतील तर विझलेल्यांना पेटलेले समजून हेच करायचं.

तीन खांबांवरच्या चकत्यांना कमीत कमी चाली ३ चकत्यांना ७, ४ ला १५, ५ ला ३१ लागतात. चकत्या विषम असतील तर सगळ्यांत लहान चकती पहिल्यांदा जिथे मनोरा न्यायचा त्याच खांबावर टाका, सम असतील तर उरलेल्या तिसऱ्या खांबावर. नंतर एक सोडून एक चाल लहान चकतीची, नेहमी त्याच दिशेने. मधली चाल उरलेल्या दोन खांबांत एकच शक्य असते.

सरकत्या तुकड्यांच्या चित्रात लोक ओळीच्या शेवटच्या दोन तुकड्यांवर अडकतात, कारण एकेक बसवायला जातात. ते जोडीने बसवायचे. तीन बाय तीनमध्ये पहिला तुकडा बसला की तिसरा तुकडा वरच्या ओळीत मधे आणा, दुसरा त्याच्या बरोबर खाली, आणि वरचा उजवा कोपरा रिकामा ठेवा. मग तिसरा उजवीकडे आणि दुसरा वर. ती ओळ पुन्हा हलवायची नाही.

एक फिरवलं की दुसरंही फिरतं अशी कडी असतील तर आधी प्रत्येक कडं एकदाच फिरवून कोण कोणाला हलवतं ते लिहून काढा. जे सर्वांत जास्त कड्यांना हलवतं ते आधी जागेवर आणा, जे फक्त स्वतः फिरतं ते शेवटी. बोट न उचलता आकृती काढायची असेल तर ज्या बिंदूला विषम रेषा येऊन मिळतात तिथून सुरू करा. असे बिंदू दोनच असतात, एकावर सुरुवात आणि दुसऱ्यावर शेवट. एकही नसेल तर कुठूनही चालतं. आठ, पाच आणि तीन मापांच्या भांड्यांत चार मापं हवी असतील तर आठातून पाच भरा, पाचातून तीन भरा, तीन आठात ओता, पाचात उरलेले दोन तीनच्या भांड्यात, मग आठातून पाच भरा आणि त्यातून तीनचं भांडं काठोकाठ करा. पाचात चार राहतात.

रंग ओळखण्यावर बेतलेली कोडी रंग नीट न दिसणाऱ्याने सरळ स्किप करावीत. गोष्टीत त्याने काही फरक पडत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. प्ले स्टोअरवर ‘इन-अ‍ॅप पर्चेस’च्या खाली किमतीचा पल्ला दिलेला असतो. एकच आकडा किंवा एकमेकांजवळचे आकडे असतील तर सहसा सुरुवातीचा भाग फुकट आणि एकदा पैसे भरले की पूर्ण गेम, असा व्यवहार असतो. पल्ला हजारांत जात असेल तर तो एनर्जी आणि नाण्यांचा गेम आहे, म्हणजे ती संपली की थांबायचं किंवा पैसे मोजायचे. बर्लिनच्या वूगाचा २०१७ चा ‘जून्स जर्नी’ त्या जातीचा. तिथे त्याच चित्रात पुन्हा पुन्हा खेळून तारे मिळवायचे असतात, म्हणजे कस जागा लक्षात ठेवण्याचा आणि वेगाचा. वाईट नव्हे, पण सुरुवात-शेवट असलेली गोष्ट हवी असेल तर तिकडे जाऊ नये. घरात मुलं त्याच फोनवर खेळत असतील तर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं आधी करून ठेवा.

सुरुवातीला आर्टिफेक्स मुंडीचा ‘नाइटमेअर्स फ्रॉम द डीप: द कर्स्ड हार्ट’ उत्तम. संग्रहालयाच्या क्युरेटरची मुलगी शापित चाचे पळवून नेतात, एवढी सरळ गोष्ट आहे आणि मागण्या-वस्तूंची साखळी फार लांबत नाही. मग त्याच कंपनीचा ‘ग्रिम लेजेंड्स: द फॉरसेकन ब्राइड’ घ्या. ‘लॉस्ट लँड्स’ त्यानंतर. तिथे जागा जास्त, कोडी चिवट, आणि मागण्यांची लेखी यादी ठेवल्याशिवाय निभाव लागणं कठीण.

हे गेम अर्धा ते दीड जीबी जागा खातात, आणि पहिल्यांदा उघडल्यावर काही गेम आणखी डेटा उतरवून घेतात. वायफाय हवं आणि तेवढीच जागा मोकळी राहायला हवी. ती नसेल तर चलचित्रानंतर काळा पडदा येऊन गेम बंद पडतो. अशा वेळी फोन रीस्टार्ट करा, जागा मोकळी करा, फार तर ‘क्लिअर कॅश’ करा. ‘क्लिअर डेटा’ला हात लावू नका, खेळ कुठवर आला ते त्यात पुसलं जातं. गेम काढून टाकला तरी बहुधा तेच होतं, कारण यांतल्या कितीतरी गेमना क्लाउड सेव्ह, म्हणजे खेळ इंटरनेटवर साठवायची सोय, नाही. फोन बदलायचा असेल तर चालू गेम आधी संपवा. विकत घेतलेला भाग मात्र खात्याला जोडलेला असतो, नव्या फोनवर ‘रिस्टोअर पर्चेस’ दाबलं की तो परत मिळतो. मिळाला नाही तर प्ले स्टोअरमध्ये दुसरंच गूगल खातं चालू आहे का ते बघा. जागा बदलली की गेम आपोआप सेव्ह होतो, मिनीगेमच्या मधे मात्र नेहमीच नाही. म्हणून कोडं अर्धवट टाकून फोन ठेवू नका, आणि रीसेंट्समधून, म्हणजे चालू अ‍ॅपच्या यादीतून, गेम सरकवून देण्याऐवजी मेनूतून बाहेर पडा.

इतकं करूनही अडलंच तर यूट्यूबवरच्या वॉकथ्रूची, म्हणजे गेम खेळून दाखवणाऱ्या व्हिडिओची, मदत घ्यायला हरकत नाही. फक्त गेमच्या नावापुढे धड्याचा क्रमांक आणि अडलेल्या जागेचं नाव इंग्रजीत लिहून शोधा, म्हणजे पुढची गोष्ट फुटत नाही. कॉम्प्युटरवरचा वॉकथ्रू फोनलाही चालतो. कुलुपाचे आकडे आणि कोड्यांची मांडणी मात्र काही गेममध्ये प्रत्येक खेपेला बदलते. व्हिडिओतला आकडा चालला नाही, तर तो आकडा कोणत्या भिंतीवर किंवा कागदावर सापडला ते बघा आणि आपल्या गेममध्ये तिथे जाऊन वाचा.